शुक्रवार कुणाचा

पुढच्या वर्षाच्या सुट्ट्यांची यादी दिल्लीहून आदल्या वर्षाच्या मध्यालाच निघते. रायपूरच्या एका केंद्र सरकारी कार्यालयात मी स्थापना शाखेत काम करते, त्यामुळे ती माझ्या टेबलावर सगळ्यांच्या आधी येते आणि दुपारच्या चहापर्यंत तिच्या झेरॉक्स प्रती सगळ्या शाखांत पोचलेल्या असतात. इतकं मन लावून वाचलं जाणारं दुसरं परिपत्रक मी पाहिलेलं नाही. महागाईभत्त्याचा आकडा बघितला की कागद बाजूला पडतो. सुट्ट्यांची यादी मात्र लोक पेन्सिल घेऊन वाचतात. कोणता सण रविवारी गेला, कोणता गुरुवारी आला, कुठे एका दिवसाचा खड्डा बुजवला की चार-पाच दिवस सलग मिळतात, हे पाहिल्याशिवाय कुणी उठत नाही.

या पेन्सिलींकडे वरिष्ठ जरा नाराजीनेच बघतात. कामचुकारपणाची ती तयारी, असं त्यांना वाटतं. इतकी वर्षं रजेचे अर्ज हाताळल्यावर माझं मत अगदी उलट झालं आहे. जो माणूस मे महिन्यात सप्टेंबरची रजा ठरवतो, तो आपलं काम कुणावर अचानक टाकत नाही. त्याची फाइल पुढे सरकलेली असते, त्याच्या जागी कोण बसणार हे ठरलेलं असतं. शाखेची त्रेधा उडते ती सोमवारी सकाळी फोनवरून कळवलेल्या रजेने.

यादीत चौदा सुट्ट्या सक्तीच्या असतात. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, दसरा, दिवाळी, दोन्ही ईद, मोहरम, मिलाद, नाताळ, गुड फ्रायडे, बुद्धपौर्णिमा, महावीर जयंती, गुरुनानक जयंती. त्यांना हात लावता येत नाही. याशिवाय बारा सणांची आणखी एक यादी असते. तिच्यातून तीन दिवस राज्याच्या राजधानीतली केंद्रीय कर्मचाऱ्यांची समन्वय समिती निवडते. होळी, जन्माष्टमी, रामनवमी, महाशिवरात्र, रथयात्रा, संक्रांत, गणेश चतुर्थी, गुढीपाडवा हे सगळे त्या बारांत एकमेकांशी स्पर्धा करतात. ज्याचा सण निवडला गेला नाही, त्याच्यासाठी ऐच्छिक सुट्ट्यांपैकी दोन राहतात. रायपुरातला मराठी माणूस त्यातली एक बहुधा गणपतीसाठी राखून ठेवतो.

खरी मेख रजेच्या नियमांत आहे. किरकोळ रजा, म्हणजे सी.एल., वर्षाला आठ मिळतात. दोन सी.एल.च्या मध्ये शनिवार-रविवार किंवा सणाची सुट्टी आली तर ती रजेत धरत नाहीत. अर्जित रजेचं, ई.एल.चं, तसं नाही. ती वर्षाला तीस मिळते, जानेवारी आणि जुलैत पंधरा-पंधरा खात्यावर जमा होते, पण एकदा सुरू झाली की मधला प्रत्येक रविवारही तिच्यातून कापला जातो. फक्त तिच्या आधी आणि नंतर लागून आलेल्या सुट्ट्या जोडून घेता येतात. शिवाय सी.एल.ला ई.एल. जोडता येत नाही. समजा सोमवारी सण आहे. शुक्रवारी आणि मंगळवारी एकेक सी.एल. टाकली की पाच दिवस मिळतात आणि खात्यातून दोनच जातात. तेच ई.एल.वर काढलं तर पाचच्या पाच गेले. म्हणून सी.एल. लोक पाहुण्यांच्या पंगतीतल्या तुपासारखी हात राखून वाढतात. ती 31 डिसेंबरला संपते, पुढच्या वर्षात जात नाही, हेही खरं. त्यामुळे डिसेंबरात उरलेल्या सी.एल. संपवायची एकच घाई उडते आणि ख्रिसमसच्या आठवड्यात शाखेत दोन माणसं सापडणं मुश्किल होतं.

अर्जाच्या तळाशी आणखी एक ओळ असते. 'मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी.' सुट्टी तुमची असली तरी रायपूर सोडायचं तर ही ओळ लागते. माझ्या प्रत्येक अर्जावर ती असते, कारण माझं माहेर वर्ध्याचं.

सासर तात्यापाऱ्यातलं. बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहिला, त्या काळापासून आणि पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती त्या काळातही इकडे मराठी घरं येत राहिली. आमच्यासारखी घरं आता इथलीच आहेत. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगडी. पण सून म्हणून आलेल्या बायकांची माहेरं बरीचशी रेल्वेलाइनच्या त्या टोकाला असतात. नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात हळदीकुंकवाला बायका जमल्या की उखाण्यांच्या आधी आरक्षणाची चर्चा होते. कुणाला कुठल्या तारखेचं मिळालं, कुणाचं वेटिंग कुठवर आलं.

रायपूर ते वर्धा पावणेचारशे किलोमीटर, हावडा-मुंबई लाइनवर. रात्रीची गीतांजली धरली की सकाळी वर्धा. अंतर फार नाही, पण दोन दिवसांच्या शनिवार-रविवारसाठी ते फार आहे. जाण्या-येण्यात दोन रात्री आणि अंगातला शीण गेला की आईच्या वाट्याला एक दुपार उरते. तीन दिवस मिळाले तर एक पूर्ण दिवस. पाच मिळाले तर माहेर मिळतं. सलग सुट्टीचा हा हिशेब परगावी माणसं असलेल्या प्रत्येकाला पाठ असतो. पूर्वी रेल्वेचं आरक्षण 120 दिवस आधी उघडायचं. 1 नोव्हेंबर 2024 पासून ती मुदत 60 दिवसांवर आली. एकशेवीसच्या काळात सप्टेंबरची रजा मेमध्येच ठरवावी लागे आणि वरिष्ठांनी ती मंजूर करण्याआधी तिकीट काढावं लागे.

आमच्या घरात दोन कॅलेंडरं असतात. स्वयंपाकघरात कालनिर्णय आणि बाहेरच्या खोलीत जबलपूरचं लाला रामस्वरूप. रायपुरातल्या जवळजवळ प्रत्येक मराठी घरात ही जोडी दिसेल. पोळ्याची अमावस्या एकात श्रावणातली, दुसऱ्यात भादव्यातली, कारण इकडचा महिना पौर्णिमेला संपतो. दिवस मात्र एकच. बैलांना सजवायचा दिवस इथे पोरा आणि तिथे पोळा. त्यानंतरच्या तृतीयेला आमची हरतालिका आणि इथली तीजा.

तीजा ही छत्तीसगडच्या बायकांची सगळ्यात मोठी सुट्टी. लग्न झालेली मुलगी या दिवशी माहेरी असलीच पाहिजे, मग तिचं वय पंचवीस असो की साठ. भाऊ नाहीतर वडील न्यायला येतात. आदल्या रात्री करूभात, म्हणजे कारल्याची भाजी आणि भात खायचा, दुसऱ्या दिवशी निर्जळ उपास, तिसऱ्या दिवशी माहेरची नवी साडी नेसून फराळ. ठेठरी-खुरमीचे डबे भरून परत यायचं. पोऱ्यानंतर आमच्या कार्यालयाच्या फाटकाशी मोटरसायकली दिसू लागतात. एखादा भाऊ हँडलला कापडी थैली अडकवून उभा असतो. पहारेकऱ्याने विचारलं तर सांगतो, "दीदी ला लेगे बर आए हंव." वर शाखेत त्याची दीदी शेवटचं पत्र टाइप करत असते आणि दर पाच मिनिटांनी खिडकीशी जाऊन खाली बघून येते.

राज्य सरकारने 2019 साली हरेली, तीजा, भक्त माता कर्मा जयंती, छठ आणि विश्व आदिवासी दिवस यांना सुट्टी जाहीर केली. माझी नणंद राज्याच्या नोकरीत आहे, तिला तीजा आयती मिळते. आमच्या चौदा आणि बारा, दोन्ही याद्यांत तीजा नाही. त्यामुळे आमच्या शाखेतल्या छत्तीसगडी सहकाऱ्यांना आपल्या आठातल्या एक-दोन सी.एल. दरवर्षी इथेच ठेवाव्या लागतात.

आता 2023 सांगते. त्या वर्षी अधिक श्रावण होता, 18 जुलैपासून 16 ऑगस्टपर्यंत. अधिक महिना आला की पुढचे सगळे सण जवळजवळ तीन आठवडे खाली सरकतात. आदल्या वर्षी गणपती 31 ऑगस्टला बसले होते, या वर्षी ते 19 सप्टेंबरला आले. सगळा भादवा सप्टेंबरात येऊन पडला. 14 तारखेला, गुरुवारी पोळा. 18 ला, सोमवारी तीजा. मंगळवारी चतुर्थी. बुधवारी नुआखाई, कारण ओडिशाकडच्या लोकांचं नवं धान्य ऋषिपंचमीलाच देवाला चढतं आणि बलांगीर-नुआपाड्याकडची बरीच माणसं रायपुरात आहेत, एक आमच्या शाखेतही. गुरुवारपासून शनिवारपर्यंत आमच्या महालक्ष्म्या. पुण्या-मुंबईकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या. आणि 28 तारखेला, गुरुवारी, अनंत चतुर्दशी आणि मिलाद एकाच दिवशी.

त्या आठवड्यात शाखा कशी चालली ते मी अजून विसरलेले नाही. सोमवारी तीनही तीजहारिन, म्हणजे तीजेला माहेरी जाणाऱ्या सहकारी, रजेवर, तर त्यांची टेबलं मी आणि ओडिया सहकाऱ्याने सांभाळली. बुधवारी तो गावी, तर चतुर्थीची ऐच्छिक सुट्टी घेऊन परतलेल्याने त्याची डाक पाहिली. गुरुवारी तीजहारिन परत आल्या आणि मी घरी राहिले. महालक्ष्म्यांच्या घरात सुनेने कार्यालयात बसणं शक्य नसतं. मुखवटे काढायचे, कोठ्या मांडायच्या, साड्या नेसवायच्या, सोळा भाज्या, ज्वारीची आंबील, पुरण. शुक्रवारी संध्याकाळी शाखेतले सगळे जेवायला आले. ज्या सहकारीणबाई सोमवारी निर्जळ होत्या, त्या पुरणपोळीवर दूध वाढून घेत होत्या आणि सासूबाईंना विचारत होत्या की आंबील आंबवायची किती वेळ. त्या आठवड्यात एकही फाइल अडली नाही. वरच्या साहेबांना फारसं कळलंही नसेल की रोज कुणीतरी दुसऱ्याच्या खुर्चीवर होतं.

आणि मग 29 सप्टेंबरचा शुक्रवार.

28 ला मिलादची सुट्टी. 30 आणि 1 शनिवार-रविवार. 2 ऑक्टोबर सोमवार, गांधी जयंती. मधला एकटा शुक्रवार कामाचा. एक सी.एल. टाकली की सलग पाच दिवस. असं जुळून येणं वर्षानुवर्षं होत नाही. जूनपासूनच माझ्या टेबलावर त्या एका तारखेचे अर्ज येऊ लागले आणि ऑगस्टअखेर शाखेतल्या जवळजवळ सगळ्यांचे अर्ज एका फाइलीत होते. तीजा कुणाची, महालक्ष्म्या कुणाच्या, नुआखाई कुणाची हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यावर वाद होत नाही. 29 ला मात्र कुणाचाच सण नव्हता. ती निव्वळ सुट्टी होती, आणि निव्वळ सुट्टीवर सगळ्यांचा हक्क सारखा. अर्ध्या लोकांनी हजर राहिलंच पाहिजे, हा साहेबांचा हुकूम होता. कोण राहणार ते तुम्हीच आपसात ठरवा, असंही त्यांनी सांगितलं. त्याबद्दल मी त्यांचे आभारच मानते. वरून नावं आली असती तर मनं फाटली असती.

पहिल्या बैठकीत आवाज चढले. ज्याने अर्ज आधी दिला त्याला रजा, असं एकाने म्हटलं. दिसायला ते सरळ आहे. पण आधी अर्ज देतो कोण? ज्याच्या घरी लहान मूल नाही, आजारी माणूस नाही, ज्याला चार महिन्यांनंतरचं ठरवता येतं तो. ज्येष्ठतेप्रमाणे द्या, असं दुसऱ्याने म्हटलं. मग नव्या मुलांना निवृत्तीपर्यंत शुक्रवार मिळायचाच नाही. तेवढ्यात आमचे एक जुने सहकारी, जे सहसा बोलत नाहीत, ते म्हणाले, "पूनम को मेरे बाबूजी का श्राद्ध है. राजिम जाना पड़ेगा. बाकी आप लोग देख लो." भाद्रपद पौर्णिमा त्या वर्षी 29 लाच होती, पितृपक्षाचा आरंभ. राजिमला महानदी, पैरी आणि सोंढूर मिळतात, तिथे पिंड देतात. त्यांचं वाक्य संपलं आणि सगळे गप्प झाले. त्यांचं नाव पहिलं लिहिलं गेलं.

तिथून बैठकीची दिशाच बदलली. प्रत्येकाने आपलं कारण सांगायला सुरुवात केली. एका नव्या मुलाला मित्रांबरोबर चित्रकोटचा धबधबा बघायला बस्तरला जायचं होतं. त्याने ते सांगताना मान खाली घातली होती. मी त्याला म्हटलं, यात लाजण्यासारखं काही नाही, पावसाळा संपताना चित्रकोट बघणं हेही कारणच आहे. शेवटी ठरलं की ज्यांना गाव सोडून जायचं आहे त्यांना आधी, आणि त्यातही ज्यांची माणसं वाट बघत आहेत त्यांना. माझं नाव मी सुचवलं नव्हतं. एका तीजहारिनने सुचवलं. "मैं तो हो आई मायके, अब दीदी जाएंगी," ती म्हणाली आणि स्वतःच्या अर्जावर तिनेच रेघ मारली. चित्रकोटच्या मुलाला नाताळचा शुक्रवार मिळाला. त्या वर्षी 22 डिसेंबरला शुक्रवार होता आणि 25 ला सोमवार. तो खूश झाला, कारण तोवर थंडी पडलेली असते.

महाराष्ट्रात त्याच शुक्रवारी सुट्टी जाहीर झाली, तीही एका चांगल्या कारणाने. 28 ला अनंत चतुर्दशीच्या विसर्जन मिरवणुका असल्यामुळे मुस्लिम संघटनांनी मिलादचा जुलूस एक दिवस पुढे नेला, आणि सरकारने 29 ला सुट्टी दिली. माझा भाऊ महाराष्ट्र शासनाच्या नोकरीत. त्यामुळे त्यालाही पाच दिवस आले. मी वर्ध्याला पोचले तेव्हा तो घरात होता, हे बऱ्याच वर्षांनी घडत होतं.

आईबद्दल एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण सलग सुट्टीवर माझा इतका जीव का आहे ते तिच्यामुळेच. पहिल्या दिवशी आई मला पाहुणी समजते. भरली वांगी करते, माझं ताट स्वतः वाढते, सगळं छान चाललं आहे असं सांगते. दुसऱ्या दिवशी शेजारपाजारच्या बातम्या निघतात. तिसऱ्या दिवशी ती खरं बोलते. आजवर दोन दिवसांच्या सुट्टीत मी तिला भेटून आले तेव्हा तेव्हा तिची पहिल्या दिवसाची उत्तरं घेऊन परतले. त्या शनिवारी सकाळी आम्ही दोघी ओट्यापाशी बसून बरबटीच्या शेंगा मोडत होतो. आई मान वर न करता म्हणाली, "आषाढात न्हाणीत पाय घसरला होता. कुणाला सांगितलं नाही. उजव्या अंगावर झोपता येत नाही तेव्हापासून."

शनिवार असल्यामुळे डॉक्टर होते. भाऊ घरी होता म्हणून तिला गाडीतून नेता आलं. हाड मोडलेलं नव्हतं, पण मांडीच्या सांध्याला मार होता, आणि अडीच-तीन महिने ती तो मुका मार घेऊन फिरत होती. रविवारी भावाने मिस्त्री बोलावला. न्हाणीत भिंतीला धरायचा दांडा बसवला, खाली खरबरीत फरशी टाकून घेतली. सोमवारी, 2 तारखेला, भाऊ मुलांना घेऊन सेवाग्रामला बापूकुटीत जाऊन आला. आई दुपारभर नव्या दांड्याला धरून उगाचच न्हाणीत जाऊन येत होती. रात्रीच्या गाडीने मी निघाले आणि मंगळवारी वेळेवर सही केली. हा सगळा पसारा त्या एका शुक्रवाराने शक्य केला. तो मिळाला नसता तर सुट्टीचे तुकडे झाले असते आणि तिच्या त्या दुखण्याचं मला कदाचित कळलंच नसतं.

परत आल्यावर एक गोष्ट मनात खुपत राहिली. आमच्या शाखेत संगणकावर नोंदी करणारा एक मुलगा आहे. तो सरकारी नोकर नाही, एका ठेकेदाराकडून आलेला आहे. त्याला हजेरीच्या दिवसांचे पैसे मिळतात. ज्या पाच दिवसांवर आम्ही भांडलो, त्यांतले चार दिवस कार्यालय बंद असल्यामुळे त्याच्या महिन्याच्या पगाराला खार लागली. बैठकीत तो कोपऱ्यात बसून आमचे अर्ज टाइप करत होता, आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं की तुला शुक्रवार हवा का. त्याला शुक्रवारच नको होता. त्याला तो भरलेला हवा होता.

रविवारची सुट्टीसुद्धा कुणी दान दिलेली नाही, हे मराठी माणसाला तरी आठवायला हवं. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि पुढची काही वर्षं सभा, निवेदनं, मोर्चे यांत घातली, तेव्हा 10 जून 1890 ला गिरणी मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. ते सत्यशोधक होते, 'दीनबंधु' चालवत. आणि छत्तीसगडमध्ये राहणाऱ्याला दल्ली-राजहराचं नाव माहीत असतं. भिलाई कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या तिथल्या खाणींत ठेक्यावरच्या मजुरांनी 1977 साली शंकर गुहा नियोगींच्या बरोबर संघटना केली. त्यांच्या मागण्यांत एक मागणी अशी होती की मजूर कामावर यायला तयार आहे, पण मालकाकडे काम नाही, तर त्या दिवसाचीही मजुरी मिळाली पाहिजे. दुसरी होती पावसाळ्यापूर्वी झोपडी शाकारायच्या भत्त्याची. त्या आंदोलनात जूनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात 11 माणसं गेली. नियोगींचा खून भिलाईत 28 सप्टेंबर 1991 ला झाला. आमची ती पाच दिवसांची सुट्टी नेमकी त्याच तारखेला सुरू होत होती, आणि आमच्या टायपिंगवाल्या मुलाचा प्रश्न तोच होता, बंद दिवसाच्या मजुरीचा.

त्या मुलाची हजेरी बदलणं माझ्या हातात नाही, ते निविदेच्या अटींत ठरतं. पण अटी लिहायच्या आधी शाखांकडून सूचना मागवतात, आणि आमच्या शाखेने दोन ओळींची टीप वर पाठवली. ठेक्यावरच्या माणसांना राष्ट्रीय सुट्ट्यांचे आणि वर्षातल्या ठरावीक रजेचे पैसे द्यावेत, तशी तरतूद अंदाजपत्रकात करावी. कारखान्यातल्या कामगाराला 1948 च्या कायद्याने 2025 पर्यंत वर्षात 240 दिवस भरल्यावर दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळायची. हे उदाहरण मीच टीपेत घातलं. त्यावर अजून निर्णय झालेला नाही. दर वेळी निविदेची फाइल निघाली की मी ती टीप पुन्हा जोडते.

2023 नंतर आमच्या शाखेत एक रीत पडली आहे. डिसेंबरात एक मोठा कागद टेबलावर पसरतो. डावीकडे नावं, त्यापुढे प्रत्येकाचे न हलणारे दिवस. तीजा, महालक्ष्म्या, नुआखाई, छठ. एका सतनामी सहकाऱ्याचा 18 डिसेंबर, गुरू घासीदासांची जयंती, त्या दिवशी त्याला गिरौदपुरीला असावंच लागतं. एका बौद्ध सहकाऱ्याचे दसऱ्याच्या आसपासचे दिवस, तो दीक्षाभूमीवर जातो आणि त्या दिवसांत नागपूरच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, त्यात नवरात्रात डोंगरगडच्या बम्लेश्वरीला निघालेली गर्दी असते ती वेगळीच. आईवडिलांच्या श्राद्धाच्या तिथीही आता लिहिल्या जातात. हे सगळं भरून झालं की मग सुट्ट्यांमधले मोकळे दिवस खाली उतरवायचे आणि ते फिरते ठेवायचे. ज्याला यंदा मिळाला, त्याने पुढच्या वेळी मागायचा नाही. टायपिंगवाल्या मुलाचं नावही आता या कागदावर असतं. त्याचा रकाना उलटा भरतो. कुठले दिवस त्याला कामावर हवे आहेत ते त्यात लिहायचं, आणि ज्या शनिवारी कार्यालय जादा कामासाठी उघडतं तिथे पहिलं नाव त्याचं.

2025 साली दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, गुरुवारी आली. एक सुट्टी बुडाल्याची हळहळ सगळ्यांना होती, पण 3 ऑक्टोबरचा शुक्रवार उरला आणि तो माझ्याकडे आला. 2026 मध्ये 26 जानेवारी सोमवारी, 2 ऑक्टोबर आणि नाताळ शुक्रवारी, हे तीन तर रजा न टाकता जुळतात. दिवाळी रविवारी गेली. दसरा 20 ऑक्टोबरला, मंगळवारी. म्हणजे 19 चा सोमवार मोकळा आणि शनिवारपासून चार दिवस. तो मी मागणार नाही, गेल्या वर्षीचा मला मिळाला आहे. दीक्षाभूमीला जाणाऱ्या सहकाऱ्याचं नाव तिथे आधीच लागलेलं आहे. दुसरी जागा कुणाची यावर अजून बोलणं चालू आहे. एका बाईंची मुलगी नागपूरला वसतिगृहात नवीनच गेली आहे आणि तिला पहिल्यांदा दसऱ्याला घरून कुणीतरी यावं असं वाटतं. दुसऱ्याला भिलाईला धाकट्या भावाच्या लग्नाची बोलणी करायची आहेत. भिलाई तासाभरावर आहे, असं मी त्याला सांगून पाहिलं आहे. गाड्यांचं आरक्षण 60 दिवस आधी उघडेल, म्हणजे ऑगस्टच्या मध्याला, तोवर दोघांनी आपसात ठरवायचं आहे.